काटेकर कुठल्या केसमध्ये मेला

शनिवार, रात्र

जेवणं झाली आणि पुन्हा ‘सेक्रेड गेम्स’ या नेटफ्लिक्सच्या मालिकेवरून जुंपली. पहिला सीझन जुलै २०१८चा, दुसरा १५ ऑगस्ट २०१९चा. म्हणजे विषय शिळा व्हायला हवा होता. पण आमच्याकडे कुणी नुसतं त्यातल्या गायतोंडे या गँगस्टरचं नाव काढलं तरी ताटातला हात थांबतो.

भाच्याचं म्हणणं कायमचं आहे: गायतोंडे झालेला नवाजुद्दीन एक नंबर, इन्स्पेक्टर सरताज झालेला सैफ ढिला. ‘मामी, तो सरताज अख्खा सीझनभर झोप न झाल्यासारखा फिरतो.’ त्याला गायतोंडेचे संवाद तोंडपाठ आहेत, आणि आजी समोर नसली की तो ते साभिनय म्हणून दाखवतो. नणंदेचा आक्षेप शिव्यांना. शिव्या काढल्या तर मालिका छान आहे, असं ती म्हणते. हेडफोन लावून सगळे भाग मात्र तिने पाहिलेत. ह्यांचं मत दोन शब्दांत संपतं: पहिला सीझन सोनं, दुसरा त्या आश्रमवाल्या गुरुजींनी बुडवला. आणि शेवटावर तिघांचंही एकमत. मुंबईतला तो बॉम्ब फुटला की नाही फुटला, एवढं तरी सांगायचं होतं!

ऑफिसात, लग्नाच्या पंगतीत, लोकलमध्ये, जिथे जिथे ही चर्चा ऐकली तिथे साधारण हीच मतं. फक्त काटेकरला, सरताजच्या हाताखालच्या शिपायाला, कुणी नावं ठेवलेली मी ऐकली नाहीत. जितेंद्र जोशीचा काटेकर सगळ्यांना आवडतो, अगदी नणंदेलाही, आणि तो तर तोंडाने सर्वांत फटकळ. सातव्या भागात तो मेला तेव्हा ह्यांनी रिमोट ठेवून दिला आणि बाकीचा भाग दुसऱ्या दिवशी पाहिला, हे मला पक्कं आठवतं.

मी आज फारशी बोलले नाही. उशाशी मूळ पुस्तक पडलंय, त्यामुळे तोंड उघडलं की ‘पुस्तकात असं नाहीये’ एवढंच बाहेर पडतं, आणि ते ऐकायला कुणाला आवडतं?

रविवार

विक्रम चंद्रांची ही इंग्रजी कादंबरी २००६ची. नऊशेच्या घरातली पानं, मध्येमध्ये हिंदी-मराठी शब्द सरसकट पेरलेले, जागच्या जागी अर्थ दिलेला नाही. वाचायला घेतली ती मालिकेमुळेच. सुरुवातीला मी दोन्हींची जुळवाजुळव करत होते, मग सोडून दिली. कारण मोठा फरक प्रसंगांत नाहीच, सरताजमध्ये आहे.

मालिकेतला सरताज सिंग प्रामाणिक आहे. खोट्या चकमकीत खोटी साक्ष द्यायला तो कचरतो, त्याचे वरिष्ठ परुळकर साहेब त्याच्यावर दात धरतात, खात्यात तो एकटा पडलाय. कादंबरीतला सरताज पैसे घेतो. फार नाही, आपल्या वाट्याचे. परुळकरांची रोकड इकडून तिकडे पोचवायचं कामही करतो. आणि तरीही चांगला माणूस आहे. चाळिशी ओलांडलेला, घटस्फोटित, आईशी प्रेमाने वागणारा, तपासात हुशार. त्याला स्वतःबद्दल फारसे भ्रम नाहीत. पगारात घर चालत नाही, खबऱ्याला द्यायला पैसे सरकार देत नाही, मग ते कुठून यायचे? पुस्तक यावर भाषण करत नाही. नोटा मोजल्या जातात आणि गोष्ट पुढे सरकते.

भाच्याला सैफ ढिला वाटतो त्याचं मूळ मला इथे दिसतं. सैफने काम वाईट केलेलं नाही. पण नायक प्रामाणिक केला की त्याच्याकडे करण्यासारख्या दोनच गोष्टी उरतात, सोसणं आणि धावणं. पुस्तकातला सरताज रोज काही ना काही ठरवत असतो: हे घ्यायचं, ते नाही घ्यायचं, याला सोडायचं, त्याला दोन ठेवून द्यायच्या. मालिकेने ही रोजची तडजोड काढून घेतली. मग माणसासारखं वागणं काटेकरच्या वाट्याला आलं. म्हणून तो आवडतो.

आता काटेकरचं मरण. मालिकेत त्याला माल्कम मारतो. म्हणजे थेट मुख्य कटातला माणूस, पंचवीस दिवसांत मुंबई संपणार या गायतोंडेच्या धमकीशी जोडलेला. कादंबरीत काटेकरचा मृत्यू गायतोंडेच्या प्रकरणात होतच नाही! वस्तीतल्या एका पोराचा खून झालेला असतो, पेपरात चार ओळी येतील असा. त्या तपासात आरोपींना पकडायला जातात, एक जण पळताना हत्यार चालवतो आणि काटेकर जातो. बॉम्ब नाही, गुरुजी नाही, आंतरराष्ट्रीय काही नाही. ड्यूटीवर होता, बस्स.

ते पान वाचून मी पुस्तक मिटून स्वयंपाकघरात गेले आणि उगाच डबे पुसत बसले. मालिका पाहताना रडू आलं होतं. इथे राग आला. इतक्या लहानशा केसमध्ये? पुस्तकाला नेमका तोच राग आणायचा असणार. आणि पुढेही ते त्याच्या घराला सोडत नाही. बायको शालिनी, मुलं रोहित आणि मोहित, घरातला कमावता माणूस गेल्यावर पोरांचं काय होतं, हे सगळं येत राहतं. मालिकेतली शालिनी नेहा शितोळेने केलीय. (नणंद तिला ‘बिग बॉसवाली’ म्हणते. दुसरा सीझन आला तेव्हा ती खरोखरच मराठी बिग बॉसच्या घरात होती.) वाट्याला प्रसंग थोडे आले, पण त्यातही तिने जी माती लावलीय भूमिकेला, ती अस्सल आहे.

मंगळवार

मामांकडे जाऊन आले. मामा मुंबई पोलिसांत हवालदार म्हणून निवृत्त झाले. टीव्हीवरचे पोलीस पाहून हसणं हा त्यांचा आवडता छंद. ‘एक शून्य शून्य’ तेवढं ते मानतात, कारण मुंबई दूरदर्शनच्या त्या मालिकेत तपास तपासासारखा चालायचा, फोन यायचे, कागद व्हायचे.

‘सेक्रेड गेम्स’ त्यांना नातवाने दाखवली. काटेकरबद्दल विचारलं तर म्हणाले, ‘साहेबाच्या जीपमध्ये बसून साहेबाला चार गोष्टी सुनावणारा शिपाई मी पाहिलाय. असतात असे. साहेब चांगला लागतो.’

मग मी त्यांना कादंबरीतल्या सरताजबद्दल सांगितलं. मला वाटलं होतं चिडतील. खात्याची बदनामी वगैरे. ते बराच वेळ सुपारी कातरत राहिले.

‘अगं, तो पहिला सरताज मला कळतच नव्हता,’ म्हणाले. ‘इतका सरळ माणूस इतकी वर्षं गुन्ह्याच्या तपासाला ठेवलाच कसा, असं वाटायचं. हा दुसरा ओळखीचा वाटतो.’

मामी आतून ओरडल्या, ‘तुम्ही नका हो काही बोलू, ती लिहिते कुठेतरी.’

गुरुवार

दुसऱ्या सीझनबद्दल ह्यांचं म्हणणं मला सरसकट पटत नाही. पंकज त्रिपाठींचे गुरुजी हळूच बोलतात आणि त्या हळू बोलण्यानेच भीती वाटते. आणि अमृता सुभाषची गुप्तचर अधिकारी कुसुम देवी यादव! गायतोंडेसारख्या माणसाला शाळेतल्या बाई जशा वर्गाबाहेर उभं करतात तसं वागवते. गंमत म्हणजे कादंबरीत के. डी. यादव हा पुरुष आहे, गुप्तचर खात्यातला म्हातारा, मेंदूतल्या आजाराने खंगत चाललेला, तिथलीच अधिकारी असलेल्या अंजली माथुरचा गुरू. त्याची बाई करण्याची कल्पना वरुण ग्रोव्हर आणि सोबतच्या लेखकांपैकी कुणाची असेल ती असो, बदल फळाला आला. मूळ पुस्तक म्हणजे पोथी, त्याला हात लावायचा नाही, असं मला मुळीच वाटत नाही. मालिकेतल्या गायतोंडेची प्रेयसी, त्या कुक्कूचंच बघा. पुस्तकातल्या गायतोंडेच्या आयुष्यात ती नाहीच, आणि तिच्याशिवाय पहिला सीझन मला कल्पनाच करवत नाही. भागांना अश्वत्थामा, हलाहल, आतापी-वातापी, ययाती अशी नावं देणं हेही मालिकेचंच. आतापी-वातापीची गोष्ट भाच्याला आजीने सांगितली, तेव्हा तो भाग त्याने पुन्हा लावला.

मग दुसरा सीझन फसला कशाने? माझ्या मते त्या घड्याळाने. पंचवीस दिवसांत मुंबई जाणार, हे पहिल्याच भागात सांगून टाकलं. कादंबरीत असा आकडा नाही. संकटाचा वास लागतो, पण सरताज मधल्या काळात दुसऱ्या केसेस करतो, आईला भेटायला जातो, प्रेमात पडतो. पुस्तकात तर मूळ कथानकाला तोडून चार स्वतंत्र प्रकरणं घातलीत. त्यातलं एक फाळणीतल्या एका घराचं, सरताजच्या आईच्या बालपणाचं आहे. वाचताना आधी वैताग येतो, हे आत्ताच कशाला? मालिकेत फाळणी येते ती अगदी शेवटच्या भागात, त्याचं नावच ‘रॅडक्लिफ’. तोवर घड्याळ इतकं जोरात वाजत असतं की प्रेक्षक फाळणीकडे बघायला तयारच नसतो. ह्यांनी तेव्हा चक्क विचारलं होतं, ‘बॉम्ब राहिला बाजूला, हे काय दाखवतायत?’ माणसाला आकडा दिला की तो आकडाच मोजत बसतो, त्यात ह्यांचा काय दोष.

आणि तो शेवट. सरताज बॉम्बसमोर बसलाय, अडकलेलं कुलूप उघडायला एक आकृती काढतोय, आणि पडदा काळा. लोक अजून त्यावर चिडतात. कादंबरीत बॉम्ब सापडतो. निकामीही होतो. पण सरताज तिथे नसतो! त्याने आणलेल्या खबरेवर दुसरेच लोक आत जातात, तो लांब थांबलेला असतो, आणि सगळं झाल्याचं त्याला कळवलं जातं. ती खबर मिळवण्यासाठी त्याने आपल्या परुळकर साहेबांना विकलेलं असतं. शहर वाचतं, साहेब स्वतःला गोळी घालून घेतात. सरताज पुन्हा कामावर.

हे जसंच्या तसं पडद्यावर आणलं असतं तर लोकांनी दुप्पट शिव्या दिल्या असत्या. सोळा भाग बघून नायक बॉम्बजवळ नाहीच? तरी मला तोच शेवट हवा होता. काळ्या पडद्यावर आपण हुशारीने वाद घालतो, फुटला की नाही फुटला. परुळकरांच्या बाबतीत वाद घालायला जागाच नसती. आणि जो सरताज पहिल्यापासून थोडाथोडा विकला जात आलाय, त्यालाच हे जमलं असतं. मालिकेतल्या सरळमार्गी सरताजने साहेबाला विकलं असतं तर ते खोटं वाटलं असतं.

ह्यांना एवढं सगळं समजावून सांगितलं. ऐकून म्हणाले, ‘म्हणजे दुसरा सीझन फसलाच ना?’

शनिवार

मामांचा फोन. पुस्तक हवंय. इंग्रजी सावकाश वाचतात, पण वाचतात. दुपारी भाच्याच्या हाती पाठवलं, आणि संध्याकाळी परत फोन. पहिल्याच पानावर इमारतीच्या खिडकीतून एक पॉमेरेनियन कुत्रं फेकलं जातं. मालिकेची सुरुवातही त्यानेच होते, पण तिथे ते पडतं आणि गोष्ट पुढे निघून जाते. पुस्तकात सरताज आणि काटेकर त्या घरी जातात. वैमानिक, हवाईसुंदरी, संशय, नवरा-बायकोचं भांडण, आणि तक्रार कुणालाच लिहून द्यायची नाहीये.

‘ही केस मी केलीय,’ मामा म्हणाले.

‘कुत्र्याची?’

‘कुत्रं नव्हतं. टीव्ही होता, तिसऱ्या मजल्यावरून. बाकी सगळं हेच. दोघं जण दोन बाजूला बसलेले, आणि म्हणे काही नाही साहेब, हातातून निसटला.’ मग विचारलं, ‘काटेकर किती पानांपर्यंत आहे गं?’

मी सांगितलं नाही.