चांगला पाय

त्या दिवशी मैदानात परतण्याआधीच्या दोन चाचण्या लागोपाठ होत्या, आधी त्याची आणि मग तिची. दोघंही फुटबॉल खेळणारे, विशीच्या आतले. दोघांचाही उजव्या गुडघ्याचा एसीएल, म्हणजे गुडघ्याला आतून स्थिर ठेवणारा लिगामेंट, तुटलेला, आणि तोही कुणाचा धक्का न लागता. तो पळता पळता दिशा बदलायला गेला होता, ती हेडर मारून एका पायावर उतरली होती. या दुखापतीचं हे नेहमीचं रूप. पाय जमिनीत रोवलेला, गुडघा जवळजवळ सरळ, वरून अंग वळतं आणि गुडघा आत पडतो. पाऊल टेकल्यापासून सेकंदाच्या विसाव्या हिश्शाच्या आसपास सगळं आटोपलेलं असतं. पहिल्या भेटीत दोघांनी सांगितलेलं वाक्यही एकच होतं, 'मॅडम, कट्ट असा आवाज आला.'

त्याच्या शस्त्रक्रियेला सात महिने झाले होते, तिच्या दहा. त्याला घाई, तिला अजिबात नाही.

एका पायावरची लांब उडी त्याने अशी मारली की स्वतःच टाळ्या वाजवल्या. डाव्या पायाच्या 96 टक्के! मग मी त्याला खुर्चीत बसवून मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद यंत्रावर मोजली. 79 टक्के. त्याला पटेना. 'उडी तर जमली ना?' उडी जमते, कारण लांब उडीतला बराचसा जोर कंबरेचा खुबा आणि घोटा लावतात आणि गुडघा त्यांच्या आडोशाला लपतो. नऊ महिन्यांपर्यंत मैदानात परतणं जितके महिने लांबवावं, तितकं पुन्हा दुखापत होण्याचं प्रमाण दर महिन्याला जवळपास निम्म्याने उतरतं, असं 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं होतं. हे मी त्याला तिसऱ्यांदा सांगत होते. तो तोंड पाडून कोपऱ्यातल्या बाकावर जाऊन बसला. उरलेली चाचणी मी तिथेच थांबवली.

तिच्याबरोबर तिचे प्रशिक्षक आले होते. भला माणूस, पण आल्या आल्या म्हणाले, 'मुलींचे गुडघेच असे. 2023च्या महिला फुटबॉल विश्वचषकाआधी बघा ना, विल्यमसन, मीड, मिएडेमा, सगळ्या बाहेर.' नावं बरोबर होती. फुटबॉलमध्ये मुलींना ही दुखापत मुलांच्या दोन ते तीन पट होते, हेही खरं. कुणी हाडांची ठेवण पुढे करतं, कुणी लिगामेंट ज्यातून जातो ती खाच अरुंद असल्याचं सांगतं, कुणी हार्मोन्सकडे बोट दाखवतं. मला यातल्या एकाही गोष्टीवर व्यायाम देता येत नाही, म्हणून मी त्यावर वाद घालत नाही. मी तिला एवढंच विचारलं, 'वजनं पहिल्यांदा कधी उचललीस?' ती म्हणाली, 'ऑपरेशन झाल्यावर. तुमच्याकडेच.' बाकावरचा मुलगा तेराव्या वर्षापासून जिममध्ये जात होता. स्वीडनमध्ये 12 ते 17 वर्षांच्या मुलींकडून आठवड्यातून दोनदा, पंधरा मिनिटं, उडी मारून नीट उतरण्याचा आणि तोल सांभाळण्याचा सराव करून घेतला. एसीएलच्या दुखापती 64 टक्क्यांनी कमी झाल्या. त्यासाठी कुणाचं हाड बदलावं लागलं नाही. प्रशिक्षक गप्प झाले. पटलं म्हणून की कंटाळून, ते कळलं नाही.

तिचे आकडे सुरेख आले. ताकद 94, उडी 95, तिहेरी उडी 92. मी मनातल्या मनात होकाराचं पत्र लिहायला घेतलं होतं. शेवटचं राहिलं होतं ते खोक्यावरून खाली उतरून लगेच वर उडी मारणं. समोरून व्हिडिओ घेतला आणि संथ गतीने लावला.

उजवा गुडघा पाऊल टेकताच छान वाकला, पायाच्या बोटांच्या रेषेत राहिला. दहा महिन्यांची मेहनत पडद्यावर दिसत होती. आणि डावा आत पडला. एकदा नाही, तिन्ही वेळा.

मला खुर्ची ओढून बसावं लागलं. दहा महिने मी उजव्याला डाव्याच्या बरोबरीला आणत होते. डावा म्हणजे चांगला पाय, डावा म्हणजे माप. त्या मापाकडे मी वळूनही पाहिलं नव्हतं. फाईल काढली. शस्त्रक्रियेआधी डाव्याची ताकद मोजून ठेवली होती, ती आताच्या ताकदीशी ताडून पाहिली. 11 टक्क्यांनी घट. खेळ बंद होता, मग तो पाय तरी कसा टिकणार? म्हणजे उजव्याचे ते 94 टक्के झिजलेल्या मापाचे. जुन्या डाव्याशी तुलना केली तर जेमतेम 84. तरुण वयात शस्त्रक्रियेनंतर मैदानात परतलेल्या चारपाच खेळाडूंपैकी एकाचा एसीएल पुन्हा तुटतो, आणि त्यातला बराच वाटा दुसऱ्या गुडघ्याचा असतो. हे मी विद्यार्थ्यांना शिकवते. फळ्यावर लिहून शिकवते.

तिला सांगताना शब्द सापडेनात. 'पास झालीस, पण...' अशी सुरुवात करून पुन्हा थांबले. प्रशिक्षकांनी रविवारच्या सामन्याचा विषय काढला, मी नुसती मान हलवली. ती रडली नाही. तिने व्हिडिओ मागितला, डावा गुडघा आत पडतो तिथे बोटाने थांबवला आणि बराच वेळ बघत राहिली.

'हेडर मारून उतरले तेव्हा उजवाही असाच आला असेल ना?'

'बहुतेक असाच.'

'म्हणजे हा अजून तुटायचा राहिलाय.'

यावर काय उत्तर द्यायचं असतं, ते मला कुठल्याही अभ्यासक्रमात कुणी शिकवलेलं नव्हतं. चूक माझी आहे, हे मी तिला आणि प्रशिक्षकांना तिथेच सांगितलं. निदान आठ आठवडे दोन्ही पायांवर काम, मग पुन्हा चाचणी. तिने विचारलं, 'आजपासून सुरू करायचं?' बूट तिने काढलेच नव्हते.

मागे बाकाचा आवाज झाला. तो उठून कधी आमच्या पाठीशी येऊन उभा राहिला होता, कळलंच नाही. मघाचा राग चेहऱ्यावरून उतरला होता.

'मॅडम, माझा डावा बघितलात?'

मी कॅमेरा पुन्हा स्टँडवर लावला आणि त्याला खोक्यावर चढायला सांगितलं.