आईला समुद्र दाखवायचा राहिला

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या हाफ मून बेला गाडीतून उतरल्या उतरल्या आईने चपला काढून हातात घेतल्या. ती हर्णैची. पुळणीवर चपला घालून चालणं तिला जमतच नाही. अनवाणी भराभर पाण्याकडे गेली आणि पहिली लाट घोट्याला लागताच दोन पावलं मागे सरली. "अगो, हे काय गं? बर्फाचं पाणी आहे!"

जुलैतला शनिवार होता. दुपारी चारला सनीव्हेलहून निघालो तेव्हा ३३ अंश होते. आई सुती साडीत, बाबा अर्ध्या बाह्यांच्या शर्टात. ९२ नंबरच्या रस्त्याने डोंगर चढेपर्यंत ऊन होतं. उतार लागला आणि आम्ही धुक्यात शिरलो. किनाऱ्यावर गाडीतला आकडा १४ दाखवत होता. दोघांसाठी तिथल्याच एका दुकानातून जाड स्वेटशर्ट घेतले, १३० डॉलर गेले. पैशांचं काही नाही, पण बाबांचे ओठ निळसर झालेले पाहून मला स्वतःचा फार राग आला.

कारण मी इथे नऊ वर्षं राहते. मला माहीत होतं. वसंतापासून या किनाऱ्याला समांतर वायव्येचे वारे वाहतात. पृथ्वीच्या फिरण्यामुळे वरचं पाणी किनाऱ्यापासून दूर ढकललं जातं आणि त्याच्या जागी खोलातलं थंडगार पाणी वर येतं. त्यावरून येणारी दमट हवा गारठते, तिचं धुकं होतं. त्याच वेळी आतल्या खोऱ्यात चाळिशीपर्यंत तापतं, तिथली हवा वर उठते आणि समुद्रावरची गार हवा आत ओढली जाते. म्हणजे आत जितका उन्हाळा कडक, तितका किनारा गारठलेला. जानेवारी आणि जुलैच्या दुपारच्या सरासरीत इथे जेमतेम चार-पाच अंशांचा फरक असतो. हर्णैलाही समुद्र हवेला फार वर-खाली होऊ देत नाही, फक्त तिथे ती तिशीच्या आसपास असते आणि इथे पंधरा-अठराच्या. खरी ऊब सप्टेंबर-ऑक्टोबरात, वारे पडले आणि धुकं विरळ झालं की. हे सगळं माहीत असूनही 'उन्हाळा म्हणजे समुद्र' या हिशेबाने मी त्यांना जुलैत नेलं.

पिलर पॉइंटच्या बंदरात मात्र आई खुलली. बोटीवरून ताजे रॉकफिश विकत होते. तिने न विचारता एकाचे कल्ले उघडून पाहिले. बोटवाला म्हातारा हसला आणि आपल्या थर्मासमधली कॉफी तिच्यापुढे धरली. दोघांना एकमेकांचा शब्द कळत नव्हता, तरी मासा ताजा आहे यावर एकमत झालं. इतक्या वर्षांत या देशात मला असं अगत्य फार थोड्या वेळा भेटलंय.

मग आईने विचारलं, "इथे सूर्य कुठे मावळतो?"

"समोरच. पाण्यात."

"आपल्यासारखाच. बसू या मग."

साडेआठपर्यंत बसलो. समोर लाटासुद्धा धड दिसत नव्हत्या, नुसता आवाज येत होता आणि बंदरावरचा धुक्याचा भोंगा थांबून थांबून वाजत होता. राखाडी रंग हळूहळू गडद झाला, बस. मी दर दहा मिनिटांनी "निघू या का?" विचारत होते. अंधार झाल्यावर ती उठली, साडीची वाळू झटकली आणि म्हणाली, "आपल्याकडे तरी आषाढात कुठे दिसतो?" माझी समजूत काढत होती ती. परतीच्या वाटेवर मला बोलवेना.

योसेमिटी, लॉस एंजेलिस झालं, फोटो आहेत. सप्टेंबर संपता संपता दोघं परत गेले.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी एकटीच पुन्हा गेले. ९२ च्या कडेची शेतं भोपळ्यांनी केशरी झाली होती. किनाऱ्यावर संध्याकाळी सहालाही २४ अंश, आभाळ धुतल्यासारखं, वाळू कोमट. माणसं सहकुटुंब पसरली होती. माझ्याच्याने पाहवेना, म्हणून आईला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे दुसऱ्या दिवसाची सकाळ, ती पडवीत शेंगा सोलत बसलेली, मागे माडांच्या वर नुकतं ऊन आलेलं.

"अगो, दिसतोय की!" ती ओरडली. बाबांना हाक मारली. मग म्हणाली, "पाण्यात पाय घाल बघू."

घातले. पाणी तसंच गार होतं. तिला तसं सांगितलं.

"असू दे," ती म्हणाली. "फोन हलवू नकोस. पुरता बुडू दे."