तुम्ही विचारलंत म्हणून: ई-टीव्ही मराठी गेलं कुठं?

"काय ओ, तेलगूचं ई-टीव्ही अजून लागतंय, मग मराठीचं ई-टीव्ही कुठं गेलं?" सोलापुरात केबलच्या धंद्यात असलेल्या कुणालाही हा प्रश्न चुकलेला नाही. पुण्या-मुंबईकडं तो फारसा कानावर यायचा नाही. तिकडच्या घरांत ई-टीव्ही म्हणजे मराठीच, त्याचं नाव बदललं आणि विषय मिटला. सोलापूरचं तसं नाही. पूर्व भागात घरोघरी तेलुगू, अक्कलकोटच्या बाजूला कन्नड, गावठाणात उर्दू, आणि मराठी सगळीकडं. या चारही भाषांत ई-टीव्ही होतं. आज त्यातलं एकच त्या नावानं उरलंय, म्हणून बाकीचे चुकल्यासारखे वाटतात.

थोडक्यात उत्तर असं, की मराठीचं कुठंही गेलेलं नाही. २२ मार्च २०१५ रोजी ई-टीव्ही मराठीचं नाव कलर्स मराठी झालं. पण एवढ्यानं कुणाचं समाधान होत नाही, कारण पुढचा प्रश्न तयारच असतो: मग तेलुगूचं का नाही झालं?

त्यासाठी आधी त्या 'ई'कडं बघावं लागतं. मराठी माणसानं तो इंग्रजी अक्षरच धरला. कुणी त्याचा अर्थ एंटरटेनमेंट लावला, कुणी इलेक्ट्रॉनिक. तो आला 'ईनाडु'वरून. रामोजी राव यांनी १९७४ मध्ये विशाखापट्टणमहून सुरू केलेलं हे तेलुगू दैनिक. ईनाडु म्हणजे 'आजचा दिवस'. साखर पेठेतल्या तेलुगू आजीला जे नाव ऐकताच कळायचं, ते नव्या पेठेतल्या मराठी दुकानदाराला पंधरा वर्षं रोज बघूनही कळलं नाही. म्हणजे ई-टीव्ही हे नाव तेलुगूत घरचं होतं आणि बाकी तिन्ही भाषांत पाहुणं. पुढं जे घडलं ते कळायला एवढं पुरेसं आहे.

तेलुगू ई-टीव्ही २७ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झालं. ९ जुलै २००० रोजी मराठी आलं, त्याच वर्षी कन्नड आणि पुढच्या वर्षी उर्दू. सगळ्यांचं मूळ घर हैदराबाद. सोलापूरहून हैदराबाद तीनशे किलोमीटर, मुंबई चारशे. एक मराठी चॅनल मुंबईपेक्षा जवळच्या गावाहून यावं, हे फक्त आपल्याच भागाच्या वाट्याला आलं असेल. त्या चॅनलवर 'चार दिवस सासूचे' २००१ पासून २०१३ पर्यंत चाललं, तीन हजारांहून जास्त भाग. ई-टीव्ही मराठीची आठवण काढणारे निम्मे लोक खरं तर या मालिकेची आणि रात्रीच्या बातम्यांची आठवण काढत असतात.

हे चार चॅनल एका वायरीत बसवणं २००० च्या सुमारास सोपं नव्हतं. ॲनालॉग, म्हणजे बॉक्स नसलेल्या जुन्या केबलवर एक चॅनल दाखवायला ते उपग्रहावरून घेणारा एक रिसीव्हर आणि वायरीवर ठरलेल्या नंबरावर चढवणारा एक मॉड्युलेटर असं जोडपं लागायचं. चार ई-टीव्ही म्हणजे चार जोडपी आणि वायरीवर चार जागा. जागांचाच खरा तुटवडा. व्हीएचएफ या फ्रीक्वेन्सीच्या गटात खालच्या पट्ट्यात २ ते ४ आणि वरच्या पट्ट्यात ५ ते १२, एवढेच नंबर सगळ्या टीव्हींवर लागायचे. त्यातले किमान तीन कायद्यानं दूरदर्शनला द्यायचे. शिवाय ज्या नंबरावर गावातलं दूरदर्शनचं प्रक्षेपण हवेतून येतं, तो वायरीवर वापरला की ढिल्या जोडातून हवेतला सिग्नल आत शिरतो आणि चित्राला सावली पडते. म्हणजे तोही गेला.

त्यात मॉड्युलेटर स्वस्तातले असले तर आणखी पंचाईत. ज्यात सॉ फिल्टर, म्हणजे सिग्नल आपल्या जागेत बांधून ठेवणारी चाळणी, नाही, तो मॉड्युलेटर शेजारच्या नंबरावर सांडतो. असे मॉड्युलेटर एक सोडून एकच लावता येतात: ५, ७, ९, ११. वरच्या पट्ट्यातल्या आठ जागांच्या चार झाल्या! सॉ फिल्टरवाले घेतले तर सलग लावता येत, पण पैसे जास्त. मग उरलेले चॅनल मिडबँड, हायपरबँड, नाहीतर यूएचएफ या दुसऱ्या पट्ट्यांत. जुन्या आठ-बारा बटणांच्या टीव्हीवर हे पट्टे लागतच नसत. लागले तरी लांबच्या घरात चित्रावर मुंग्या, कारण फ्रीक्वेन्सी जितकी वर तितका वायरीत सिग्नल जास्त मरतो. आरजी-६ वायरीत शंभर मीटरला ५५ मेगाहर्ट्झवर पाचेक डेसिबल (सिग्नलची घट मोजायचं माप) जातात, ८०० मेगाहर्ट्झवर वीसच्या आसपास.

म्हणून त्या काळात चॅनलची ओळख म्हणजे नाव नव्हे, नंबर. 'सातवर काय चाललंय?' असंच विचारलं जाई. सातवर मराठी ई-टीव्ही असेल आणि तेलुगू हायपरबँडमध्ये ढकललेलं असेल, तर पूर्व भागातलं गिऱ्हाईक दुसऱ्याची वायर ओढायला मोकळं. कुठल्या भागात कुठली भाषा पुढं बसवायची, हे केबलवाल्याच्या कंट्रोल रूममध्ये ठरत होतं आणि त्यावर धंदा टिकत होता. नाव मुंबईत बदलो नाहीतर हैदराबादेत, सातचं चॅनल सातवर असलं की लोक खूश.

आता वाटणीकडं येऊ. जानेवारी २०१२ मध्ये ई-टीव्ही समूहातल्या चॅनलांचा व्यवहार जाहीर झाला आणि जानेवारी २०१४ पर्यंत तो पुरा झाला. टीव्ही१८ कंपनीनं हिंदी पट्ट्यातली वृत्तवाहिन्यांची मालिका आणि उर्दू पूर्ण घेतलं. मराठी, कन्नड, बंगाली, गुजराती, ओडिया या मनोरंजनाच्या चॅनलांत निम्मा हिस्सा घेतला. तेलुगूत मात्र फक्त साडेचोवीस टक्के. म्हणजे तेलुगूचा कारभार जुन्या घरातच राहिला. एकत्र कुटुंबाच्या वाटणीत आडनाव सगळ्यांना मिळतं, धंद्याच्या वाटणीत ते ज्याच्या दुकानाचं त्याच्याकडंच राहतं. ईनाडुचं नाव ईनाडुच्या घरात राहिलं. बाहेर पडलेल्यांना नव्या घराचं नाव घ्यावं लागलं, आणि नव्या घरात २००८ पासून कलर्स नावाचं हिंदी चॅनल जोरात चालू होतं. मराठी आणि कन्नड २०१५ मध्ये कलर्स झाले. उर्दू बातम्यांच्या गटात गेलं होतं, म्हणून ते कलर्स न होता २०१८ मध्ये न्यूज१८ उर्दू झालं. तेलुगू ई-टीव्ही आजही ई-टीव्ही आहे. चार भावांपैकी एक मूळ घरी, दोघं एका नव्या घरात, चौथा त्याच्या शेजारी.

असं नामांतर नवं नाही. अल्फा मराठीचं २००५ मध्ये झी मराठी झालं तेव्हा मालक तोच होता, फक्त घराण्याचं नाव पुढं आणलं. स्टार माझाचं १ जून २०१२ रोजी एबीपी माझा झालं ते मात्र नाव वापरायचा करार संपला म्हणून. ई-टीव्हीचं प्रकरण या दुसऱ्या जातीचं, आणि आमच्या मते त्यात प्रेक्षकाचं नुकसान जास्त होतं. अल्फाचं झी होताना चॅनल आपल्याच वळणानं वाढलं. ई-टीव्हीचं कलर्स होताना हिंदी चॅनलचा सगळा साज आला, रंगापासून ते २०१८ च्या मराठी बिग बॉसपर्यंत. बातम्याही गेल्या. त्या नव्या घरात आयबीएन लोकमत, म्हणजे आताचं न्यूज१८ लोकमत, २००८ पासून होतंच. एका घरात बातम्यांची दोन दुकानं कोण चालवणार?

आता कंट्रोल रूममध्ये काय होतं ते सांगतो, कारण निम्म्या तक्रारींचं मूळ तिथं आहे. चॅनलचं नाव बदलायला आधी माहिती व प्रसारण मंत्रालयाची परवानगी लागते. ती मिळाली की चॅनलवाले उपग्रहावर पाठवायच्या प्रवाहात नाव बदलतात. चित्राची फ्रीक्वेन्सी आणि चॅनलचा आतला क्रमांक तोच राहिला तर आपल्याकडं चित्र एक क्षणही थांबत नाही. कोपऱ्यातलं बोधचिन्ह मध्यरात्री बदलतं आणि झालं.

पण तुमच्या सेट टॉप बॉक्सवर रिमोट दाबल्यावर खाली पट्टीत जे नाव येतं, ते उपग्रहावरून येत नाही. ते केबल कंपनीच्या मल्टिप्लेक्सरमध्ये, म्हणजे बरेच चॅनल एकत्र बांधणाऱ्या यंत्रात, बहुधा कुणीतरी हातानं टाईप केलेलं असतं. तिथं बदलायचं राहिलं तर चित्र कलर्सचं आणि पट्टी ई-टीव्हीची, असं महिनोन्‌महिने चालतं. तिसरं नाव असतं हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे तुमच्या पॅकच्या यादीत. पैसे न भरलेल्याला चॅनल दिसू नये म्हणून असलेलं कुलूप उघडतं ते नावावर नाही, आतल्या क्रमांकावर. म्हणून यादीत जुनं नाव असलं तरी चॅनल चालतं, फक्त शोधणाऱ्याला सापडत नाही.

मल्टिप्लेक्सरमध्ये नाव बदलूनही घरच्या बॉक्सवर जुनंच दिसत असेल, तर बॉक्सनं यादी साठवून ठेवलेली असते. आधी बॉक्सची वीज बटणावरून बंद करा आणि दोन मिनिटांनी चालू करा. रिमोटनं बंद केलेला बॉक्स झोपतो, बंद होत नाही. नुसत्या झोपेनं यादी ताजी होत नाही. तेवढ्यानं भागलं नाही तर मेनू, इन्स्टॉलेशन, ऑटो सर्च. पिन विचारला तर बहुतेक बॉक्सला ०००० किंवा १२३४ चालतो. त्याआधी तिथंच लिहिलेली मुख्य फ्रीक्वेन्सी, सिम्बॉल रेट (बहुधा ६८७५) आणि ६४ क्वाम की २५६ क्वाम (वायरीत सिग्नल भरायची पद्धत), हे मोबाईलवर फोटो काढून ठेवा. शोध सुरू झाला की जुनी यादी पुसली जाते. आकडा चुकलेला असला तर हाती काहीच लागत नाही, आणि मग रविवारी संध्याकाळी माणूस बोलवावा लागतो. आवडत्या चॅनलांची यादीही या शोधात जाते.

सोलापूरचं केबल डिजिटल झालं ते सरकारी मोहिमेच्या दुसऱ्या टप्प्यात. ३८ शहरांच्या त्या यादीत आपलं नाव होतं आणि मुदत होती ३१ मार्च २०१३. तिथून जागांचं भांडण संपलं. ॲनालॉगमध्ये ज्या एका जागेत एक चॅनल बसायचं, जवळपास तेवढ्याच आठ मेगाहर्ट्झमध्ये ६४ क्वामनं सेकंदाला सुमारे ३८ मेगाबिट जातात. साधं, म्हणजे एचडी नसलेलं, चॅनल तीन मेगाबिटांत धरलं तर बारा बसतात. जुने चारही ई-टीव्ही एका जागेच्या तिसऱ्या हिश्श्यात! पण नंबरही गेला. सात नंबर संपला आणि बॉक्सवर तीन-चार आकडी क्रमांक आले, तेही भाषेप्रमाणे गट पाडून. मराठी एकीकडं, तेलुगू, कन्नड दुसरीकडं. दोन वर्षांत लोकांचा आधी नंबर गेला आणि मग नाव. 'ई-टीव्ही गेलं' हा समज पक्का झाला तो या दुहेरी धक्क्यानं.

१ फेब्रुवारी २०१९ पासून तिसरी भानगड. तोवर महिन्याच्या ठरलेल्या पैशांत वायरीत असेल ते सगळं दिसायचं. तेव्हा १०० साध्या चॅनलांच्या जागेचे जास्तीत जास्त १३० रुपये ठरले, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे. आणि पैशाच्या चॅनलांची किंमत वेगळी. २०२० मध्ये त्याच १३० मध्ये २०० चॅनल झाले, आणि २०२४ मध्ये ती मर्यादाच उठली. पण ज्या घरात सासूला तेलुगू, सुनेला मराठी आणि शेजारून आलेल्या मावशीला कन्नड लागतं, त्यांना एका भाषेचा पॅक पुरत नाही. मराठी पॅक घेतला की त्यात कलर्स मराठी येतं, ई-टीव्ही तेलुगू येत नाही. तेलुगू पॅक घेतला की उलट. पूर्वी चार भाऊ एका वायरीत फुकटात भेटायचे.

तेव्हा आज चॅनल दिसत नसेल तर आधी पडद्यावरचा मजकूर वाचा. सबस्क्राइब केलेलं नाही असं काही लिहिलं असेल तर प्रश्न पॅकचा. पॅकमध्ये असूनही तसंच येत असेल तर बॉक्स बरेच दिवस बंद राहिला असेल. परवानगीचा संदेश वायरीतून येतो आणि बंद बॉक्सला तो मिळत नाही. चालणाऱ्या एखाद्या चॅनलवर बॉक्स अर्धा तास चालू ठेवा, नाहीतर कार्डाचा किंवा बॉक्सचा नंबर सांगून केबलवाल्याला रिफ्रेश मारायला सांगा.

'नो सिग्नल' येत असेल, किंवा चित्राचे चौकोन पडत असतील, तर आणखी कुठले चॅनल तसेच आहेत ते बघून ठेवा. दहा-बारा चॅनल एकदम गेले असतील तर ते सगळे एकाच जागेत बसलेले आहेत आणि दोष वायरीचा आहे: वायरीच्या टोकाचा गंजलेला एफ कनेक्टर, मुख्य वायरीतून घराची वायर काढतात त्या टॅपमध्ये शिरलेलं पाणी, तारा पिळून टेप लावलेला जोड, नाहीतर दुसऱ्या खोलीसाठी घातलेला स्प्लिटर. दोन तोंडांचा स्प्लिटर साडेतीन-चार डेसिबल खातो, चार तोंडांचा सात. मे महिन्यात दुपारी जातं आणि रात्री येतं असं असेल तर सिग्नल आधीच काठावर आहे. वायर तापली की तिच्यातली घट वाढते. आणि एकटं एकच चॅनल गेलं असेल, बाकीचे सोबती नीट असतील, तर वायरीला हात लावू नका. दोष कंट्रोल रूममध्ये आहे, तिथं फोन करा.

फोन करताना नवं नाव सांगा. कलर्स मराठीचं एचडी वेगळं आहे, त्याचा नंबर वेगळा, किंमत वेगळी. जुन्या टीव्हीला साधा बॉक्स असेल तर एचडी घेऊन उपयोग नाही. नुसतं 'ई-टीव्ही लावा' म्हणालात तर सोलापुरात समोरचा माणूस तेलुगूच लावणार, आणि त्याचं काही चुकलेलं नसेल.