जुन्या ४८६ वर आठ लाइनींचा डायल-अप सर्व्हर: माझा अनुभव

आठ फोन लाइनी, आठ एक्स्टर्नल मोडेम (फोन लाइनीवरून डेटा पाठवणाऱ्या पेट्या) आणि पडून असलेला एक ४८६ प्रोसेसरचा जुना पीसी, एवढ्यावर डायल-अप, म्हणजे फोन लावून मशीनला जोडायची सोय, चालवायचं ठरवलं तेव्हा जो तो एकच विचारायचा, एवढ्याशा प्रोसेसरला झेपेल का? तयार टर्मिनल सर्व्हर (असे बरेच कॉल घेणारं खास यंत्र) आवाक्याबाहेरचा होता म्हणून ६६ मेगाहर्ट्झ, १६ एमबी रॅम, वर लिनक्स, फोन उचलायला एमगेट्टी हा प्रोग्राम आणि पुढे नेटवर्क जोडून द्यायला पीपीपीडी. प्रोसेसरला झेपलं. घोडं अडलं सिरियल पोर्टवर, म्हणजे मोडेम जिथे लावतात तिथे.

सुरुवातीला मशीनच्याच दोन पोर्टवर दोन मोडेम लावले. छान चालायचं, पण हार्ड डिस्क खडखडायला लागली की डाउनलोड अडखळायचं आणि लॉगमध्ये खराब फ्रेम (डेटाचे मोडके तुकडे) दिसायच्या. दोन दिवस मी लाइनीला दोष देत बसलो, मग सेटसिरियल ही पोर्टची माहिती देणारी कमांड चालवून बघितलं तर पोर्टची चिप १६४५०. हिच्याकडे एकाच बाइटची जागा असते, पुढचा बाइट यायच्या आत आधीचा उचलला नाही तर तो गेलाच. सेकंदाला ११५२०० बिटचा स्पीड म्हणजे (स्टार्ट-स्टॉप धरून बाइटला १० बिट) सेकंदाला ११,५२० बाइट आणि तेवढेच इंटरप्ट, म्हणजे प्रोसेसरला हातातलं काम थांबवायला लावणारे इशारे, तेही एका पोर्टचे! १६५५०ए मध्ये १६ बाइटचा बफर असतो, १४ बाइट जमल्यावर इंटरप्ट द्यायला सांगितलं की तोच आकडा साधारण ८२३ वर येतो. जुन्या पीसीवर हे करणाऱ्याने बाकी काही बघायच्या आधी ही चिप बघावी, माझं अगदी कळकळीचं सांगणं आहे.

आठ पोर्ट मदरबोर्डवर मिळणार नव्हतेच, कॉम १ आणि कॉम ३ (पीसीतली सिरियल पोर्टांची नावं) दोघांना इंटरप्ट ४, कॉम २ आणि कॉम ४ ला ३, आणि आयएसए बसवर (जुन्या पीसीतली कार्डं जोडायची व्यवस्था) दोघांनी एकच इंटरप्ट वापरला की भांडण ठरलेलं. म्हणून १६५५० वाल्या चिपांचं आठ पोर्टचं कार्ड घेतलं, त्यात आठही पोर्ट मिळून एकच इंटरप्ट घेतात आणि कोणाला काम आहे ते ड्रायव्हर बघतो. पोर्टचा स्पीड ११५२०० ला पक्का, हार्डवेअर फ्लो कंट्रोल (जागा भरली की समोरच्याला थांबवायची सोय) चालू, आणि डाउनलोड सुरळीत झालं.

यानंतर जे झालं त्याने मात्र मी खरंच घाबरलो. एकाने फोन केला आणि लॉगिन न विचारता त्याच्यासमोर सरळ दुसऱ्याच माणसाचं शेल, म्हणजे कमांड द्यायची जागा, उघडलं. आधीच्याची लाइन मध्येच तुटली होती, पण मोडेम अँड-सी-० (&C0) या सेटिंगवर असल्यामुळे सीडीचा, म्हणजे समोरचा जोडलेला असल्याचा, दिवा कायम पेटलेला, म्हणजे मशीनच्या हिशेबाने तो माणूस अजून जोडलेलाच, आणि एस-० (किती रिंगनंतर मोडेमने स्वतः उचलायचं तो आकडा) मी १ ठेवल्यामुळे मोडेमने पुढचा फोन स्वतःच उचलला. त्याच रात्री सगळे मोडेम अँड-सी-१ (दिवा खऱ्या जोडणीप्रमाणे), अँड-डी-२ (मशीनने सांगितलं की फोन ठेवायचा) वर आणले, एस-० शून्य केला, अँड-डब्ल्यूने सेव्ह केलं, आणि एकेका लाइनीवर फोन करून मध्येच वायर उपटून पाहिली, आठही वेळा. दिवा विझला पाहिजे, सेशन मेलं पाहिजे, नवीन कॉलला लॉगिन आलं पाहिजे.

एस-० शून्य केल्याने फोन उचलणं एमगेट्टीकडे आलं आणि त्यातून नवीनच गोष्ट कळली. आमचा हंट ग्रुप (एका नंबरचे कॉल आठ लाइनींवर वाटणारी फोनची सोय) लाइन बिझी असेल तरच पुढच्या लाइनीवर जायचा. पहिला मोडेम गरम होऊन अडकला की रिंग वाजत राहणार, उचलणार कोणी नाही, आणि मागच्या सात लाइनी रिकाम्या असून कोणालाच लागणार नाही. मोडेम एकावर एक रचले होते ते उभे करून मध्ये फट ठेवली, त्याने अडकणं खूप कमी झालं. तरीही एखादा अडकलाच तर त्याची लाइन काढून साध्या फोनला लावतो आणि रिसीव्हर काढून ठेवतो, लाइन बिझी लागते आणि कॉल पुढे सरकतो.

स्पीडबद्दल बरेच जण विचारतात. साध्या लाइनीवर दोन्हीकडे ॲनालॉग मोडेम असतील तर ३३.६ के (सेकंदाला हजार बिट) च्या वर जाता येत नाही, १९९८ च्या व्ही.९० या मोडेम स्टँडर्डचे ५६ के हवे असतील तर सर्व्हरच्या बाजूला डिजिटल लाइन लागते. आमच्याकडे ती नाही, त्यामुळे मोडेम बदलायचा विचार मी केलेला नाही.