ओबो वाजवणारा पोरगा आणि हॅस्टनबेकची लढाई

देवळालीच्या रेंजवर तोफांचं फायरिंग सुरू झालं की भगूरला आमच्या घराच्या काचा थरथरतात, लहानपणापासून सवय आहे त्याची, पण परवा मी विल्यम हर्षेलबद्दल वाचत होतो आणि नेमका तेव्हाच धडाका सुरू झाला, तर पोटात एकदम कसंतरी झालं.

युरेनस शोधणारा हर्षेल, १७८१ चा, तो सगळ्यांना माहितीय. पण हा माणूस आधी फौजेत ओबो वाजवायचा! ओबो म्हणजे आपल्या सनईसारखंच, जोडपत्तीतून फुंकायचं वाद्य. वडील जर्मनीतल्या हॅनोव्हर राज्याच्या गार्ड्स पलटणीच्या बँडमध्ये ओबोवाले, म्हणून १७५३ मध्ये चौदाव्या वर्षी हाही तिथेच लागला. चौदा म्हणजे आपल्याकडे नववीतलं पोरगं हो. १७५६ मध्ये पलटणीबरोबर इंग्लंडला जाऊन आला, येताना जवळच्या थोड्याशा पैशातून लॉकचं तत्त्वज्ञानाचं पुस्तक घेऊन आला, मला तर हे वाचूनच तो आवडायला लागला.

मग २६ जुलै १७५७, जर्मनीतल्या हॅस्टनबेकची लढाई. फ्रेंचांनी हॅनोव्हरच्या बाजूला हरवलं, आणि त्या धुमाळीत बँडवाल्या पोरांकडे बघायला कुणालाच वेळ नव्हता. वडिलांनीच सांगितलं, तू निघ इथून. वय कमी म्हणून त्याचा शपथविधी झालेलाच नव्हता, तरी काही लोक त्याला पळपुटा म्हणतात ते मला अजिबात पटत नाही. त्याच वर्षी भावाबरोबर तो इंग्लंडला गेला आणि १७६२ मध्ये रीतसर डिस्चार्जचा कागदही मिळाला.

आमचे आजोबा रेजिमेंटच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. ते सांगायचे, लढाई लागली की वाद्यं पेटीत आणि बँडवाल्यांच्या हातात स्ट्रेचर, जखमींना उचलून आणायचं. म्हणजे त्यांना निदान काम तरी ठरवून दिलेलं होतं. त्या पोराला गोळीबारात कुणी काहीच सांगितलं नाही, हातात ओबो घेऊन त्याने करायचं तरी काय?

१७६० मध्ये तो इंग्लंडमधल्या डरहॅमच्या मिलिशियाच्या, म्हणजे स्थानिक राखीव फौजेच्या, बँडचा प्रमुख झाला, म्हणजे फौजेचा बँड काही सुटला नाही. ओबोसाठी त्याने कॉन्सर्टोही लिहिले, म्हणजे एक मुख्य वाद्य आणि साथीला वाद्यवृंद अशा रचना. त्यातला सी मेजर स्वरातला काल रात्री गच्चीवर बसून ऐकला, रेंज बंद होती तेव्हा.