ती त्याला सोडत का नाही, आणि आम्ही तिला ‘सोड’ का म्हणत नाही

लग्नकार्यात भेटलेले नातेवाईक विचारतात, कॉलेजच्या मुली विचारतात, आणि एकदा चौकीतल्या हवालदार ताईंनीही विचारलं होतं. “एवढा मार खाते, मग सोडून का देत नाही त्याला? तुम्ही बायका रोज तिच्याशी बोलता, तर तिला सोड म्हणून सांगत का नाही?” विचारणाऱ्याच्या पोटात तळमळ असते हे मला दिसतं. म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

मी मानखुर्दला वस्तीत राहते, शिलाईकाम करते. घरात मार खाल्लेल्या आम्ही काही जणी आमच्यासारख्याच बायकांना साथ देतो. आम्ही वकील नाही, समुपदेशकही नाही. रीतसर प्रशिक्षण घेतलंय आणि एक अनुभवी समुपदेशक दर आठवड्याला आमच्यासोबत बसतात. तरी आमच्याकडे येणारी बाई त्या प्रशिक्षणासाठी येत नाही. ‘हिच्याही घरात असंच होतं’ हे तिला शेजारणीकडून कळलेलं असतं, म्हणून येते.

आता प्रश्नाकडे. पहिलं कारण जिवाचं आहे. बाई निघून जायची तयारी करते किंवा नुकतीच बाहेर पडते, तो काळ सगळ्यात धोक्याचा असतो. इतकी वर्षं मुठीत असलेली बाई हातची निसटतेय हे कळल्यावर काही पुरुष थेट जिवावर उठतात. जगभरच्या अभ्यासांत हे पुन्हा पुन्हा दिसलंय आणि वस्तीत आम्ही ते जवळून पाहिलंय. त्यातही त्याने कधी गळा दाबला असेल, तर पुढे खून होण्याचा धोका कित्येक पटींनी वाढतो. म्हणून हा प्रश्न आम्ही प्रत्येकीला आवर्जून विचारतो. बाई हे स्वतःहून सांगत नाही, कारण अंगावर बऱ्याचदा वळही नसतो. आवाज बसलाय का, गिळताना दुखतंय का, तेव्हा डोळ्यांपुढे अंधारी आली होती का, हे विचारायचं आणि यातलं काहीही असेल तर तिला आधी दवाखान्यात न्यायचं. अशा बाईला ‘आजच्या आज बॅग भर’ असं बाहेरून सांगणं सोपं आहे. रात्री त्या दहा बाय बाराच्या खोलीत ती एकटी असते.

दुसरं कारण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं. या बाईच्या आयुष्यात सगळं दुसऱ्यानं ठरवलेलं असतं. कुणाशी बोलायचं, माहेरी कधी जायचं, पगार कुणाच्या हातात द्यायचा, फोनमध्ये कुणाचे नंबर ठेवायचे. मार बसतो तो शरीराला, पण ‘आपलं आपण काही ठरवू शकतो’ ही भावना आतून खरवडून निघते. आम्ही जर तिला ‘सोड’ म्हणालो, तर हुकूम सोडणारं आणखी एक माणूस तिच्या आयुष्यात आलं, एवढंच होईल. म्हणून आम्ही अगदी बारीक गोष्टीही तिलाच ठरवू देतो. दाराजवळ बसायचं की आत, दार लोटायचं की उघडं ठेवायचं, आज बोलायचं की नुसता चहा घेऊन जायचं. पाठीवर हात ठेवायचा तरी आधी विचारून. मायेचा हातसुद्धा अचानक आला की काही जणी दचकून मागे सरकतात.

एकदा एक बाई आली होती. ओळख पटेल असं काही लिहीत नाही. बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली आणि मग म्हणाली, “चूक माझीच होती ताई. भाजीत मीठ जास्त पडलं.” आमच्यातल्या एका काकूंनी तिच्याकडे पाहून शांतपणे सांगितलं, “मला कमी पडलं म्हणून मारलं होतं गं.” त्या बाईनं पहिल्यांदा मान वर केली. काकूंनी पुढे काही समजावलं नाही, उपदेश केला नाही. थोड्या वेळानं तीच म्हणाली, “म्हणजे मिठाचं नव्हतंच.” हे वाक्य तिला कुणी शिकवून आलं नसतं. पुस्तकी ज्ञान असलेल्या माणसानं हेच सांगितलं असतं तर तिनं मान डोलावली असती आणि घरी जाऊन पुन्हा मीठ मोजलं असतं.

‘का’ हा शब्द आम्ही टाळतो. का मारलं, आधी का नाही सांगितलंस, परत का गेलीस. उत्तर देताना ती आपोआप आरोपीच्या पिंजऱ्यात जाऊन बसते. हकीकत पुन्हा पुन्हा सांगायलाही लावत नाही. धक्का बसलेल्या माणसाला सगळं ओळीनं आठवत नाही. आधी वास आठवतो, मग कडी लावल्याचा आवाज, मधले दोन तास गायब. आज मंगळवार म्हणेल, उद्या बुधवार म्हणेल. कुणी सांगता सांगता हसतेसुद्धा. चौकीत याचा अर्थ ‘बाई बनाव करतेय’ असा काढला जातो, एनसी, म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद, लिहून किंवा समजूत घालून तिला परत पाठवतात. म्हणून आमच्यातली एक जण सोबत जाते आणि ती एकदा जे बोलली, ते तिच्याच शब्दांत टिपून नेते.

मग करता काय, असं तुम्ही म्हणाल. ‘आज घरी गेल्यावर काय होईल?’ इथून सुरुवात करतो. तो कधी चिडतो हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. भांडण पेटलं की स्वयंपाकाच्या ओट्यापासून आणि मोरीपासून लांब, दाराच्या बाजूला सरकायचं. आधार, रेशनकार्ड, पासबुक, मुलांचे जन्मदाखले यांची पिशवी विश्वासातल्या शेजारणीकडे ठेवायची, निदान झेरॉक्स तरी. मोठ्या मुलाला सांगून ठेवायचं की मध्ये पडायचं नाही, धावत काकूंकडे जायचं. मिस्ड कॉल आला की शेजारणीनं कुकर मागायला दार वाजवायचं. हे सगळं तिचं तीच आखते, आम्ही फक्त एकेक प्रश्न विचारतो. यात नवरा सोडायचा की नाही हा मुद्दा कधी येतो, कधी महिनोन्‌महिने येत नाही.

आणि सोडणं हा एकच रस्ता आहे असंही नाही, हे कितीतरी शिकलेल्या लोकांनाही ठाऊक नसतं. 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू झालेल्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यानं बाईला राहत्या घरात राहण्याचा हक्क दिलाय, खोली कुणाच्याही नावावर असो. न्यायालय मारणाऱ्यालाच घराबाहेर राहायला सांगू शकतं. शिवीगाळ, पैसे काढून घेणं, जबरदस्तीचा संबंध, हेही त्या कायद्यात हिंसा म्हणून धरलंय. या कायद्याखाली सरकारनं नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याकडे अर्ज देता येतो, त्यासाठी पैसे लागत नाहीत. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेनं 1984 साली पोलीस आयुक्तालयात बायकांसाठी विशेष कक्ष सुरू केला, वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 2000 साली महापालिका आणि ‘सेहत’ ही संस्था यांनी मिळून ‘दिलासा’ केंद्र उभं केलं. पडल्याचं, भाजल्याचं निमित्त सांगून बाई दवाखान्यात येतेच, तिथंच तिला विचारणारं माणूस हवं, ही त्यामागची दृष्टी मला आजही फार मोलाची वाटते. कारण मदत मागायला बाहेर पडणाऱ्या बायका थोड्याच. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या विवाहित बायकांपैकी चारातल्या एकीनं नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. देशभरात मार किंवा लैंगिक जबरदस्ती सोसलेल्यांपैकी मदत मागितली ती फक्त 14 टक्के बायकांनी.

एका बाबतीत मात्र निर्णय आम्ही तिच्यावर सोडत नाही, आणि हे बोलणं सुरू होण्याआधीच तिला सांगतो. घरातल्या लहान मुलावर लैंगिक अत्याचार होत असेल तर 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार आम्हाला कळवावंच लागतं. जीव देण्याची भाषा कुणी केली तर तिला एकटं सोडत नाही आणि डॉक्टरांपर्यंत पोहोचवतो. आमची साथ तिथं पुरी पडत नाही. ती पुरी पडते असा आव आणणाऱ्या गटांची मला भीती वाटते.

आमच्याबद्दलही थोडं. दुसरीचं ऐकताना आपली खपली निघते. मला अजूनही एका विशिष्ट पद्धतीनं आपटलेलं दार सहन होत नाही. म्हणून गृहभेटीला दोघी जातो, जिचं स्वतःचं प्रकरण कोर्टात चालू आहे तिला लगेच दुसरीच्या घरी पाठवत नाही, आणि ‘आज मला नको’ म्हणायची मुभा सगळ्यांना आहे. आठवड्याच्या बैठकीत पहिला अर्धा तास आमचा असतो. त्यात प्रकरणांची चर्चा होत नाही.

कोणी सोडतात, कोणी परत जातात. परत गेलेल्या बाईशीही आम्ही पहिल्यासारखंच बोलतो, कारण ‘सांगितलं होतं ना’ हे एकदा ऐकलं की ती पुढच्या वेळी येणार नाही, आणि पुढची वेळ बहुधा जास्त वाईट असते.

तुम्हाला खरंच तिच्यासाठी काही करायचं असेल तर भिंतीपलीकडून आवाज आला की बेल वाजवा, वाटीभर साखर मागा. त्याला उपदेश करू नका, राग नंतर तिच्यावरच निघतो. जिवावर बेतलंय असं वाटलं तर 112 ला फोन करा. दुसऱ्या दिवशी तो कामावर गेल्यावर तिला एकदाच म्हणा, “काल ऐकू आलं. मी आहे.” 181 हा महिला हेल्पलाइनचा नंबर तिला द्या आणि तो फोनमध्ये कोणत्या नावानं ठेवायचा हे तिलाच ठरवू द्या.