साती सूर कोमल

मंगळवार, रात्रीचे साडेअकरा

झोप येत नाहीये म्हणून लिहितेय. सकाळी माळ्यावरचा खोका ओढायला गेले तर तो सरळ खांद्यावर आला, अजून ठणकतंय, पण झोप त्याने नाही उडालेली. खोक्यात पियानोच्या मिसनी दिलेली झेरॉक्स निघाली. आल्काँ या जुन्या फ्रेंच संगीतकाराच्या ओपस ३१ या संग्रहातला आठवा प्रेल्यूड, पियानोवरचा छोटासा तुकडा. कडा पिवळ्या, स्टेपलच्या पिना गंजून कागदाला तांबडे डाग पडलेत, आणि वर उजव्या कोपऱ्यात पेन्सिलने, त्यांच्याच तिरप्या अक्षरात, 'नॉट येट'.

नॉट येट म्हणजे काय? दिवसभर डोक्यात तेच. भाजी जळली.

मला तेव्हा शोपाँ हवा होता, पियानोवाल्यांचा सगळ्यात लाडका संगीतकार. क्लासमधल्या सगळ्याजणी शोपाँ वाजवायच्या आणि मला हा कोण कुठला आल्काँ. मिस म्हणाल्या होत्या, अगं तो शोपाँचा शेजारी होता पॅरिसमध्ये, मित्र होता, शोपाँने पियानो शिकवण्याबद्दलचं आपलं अर्धवट राहिलेलं लिखाण जाताना त्याच्या हवाली केलं होतं. (आणि तालमूद, म्हणजे ज्यूंचा धर्मग्रंथ, काढताना पुस्तकांचं कपाट अंगावर पडून गेला बिचारा, हेही त्यांनीच सांगितलेलं. ते खरं नाही म्हणे. स्वयंपाकघरात छत्र्या-कोटांच्या स्टँडखाली सापडला होता. सकाळी खोका खांद्यावर आला तेव्हा आधी तेच आठवलं आणि एकटीच हसले.) मी काही ऐकलं नाही. पान उघडलं तर सात फ्लॅट, म्हणजे सातच्या सात सूर कोमल, सा आणि प सुद्धा! आजीला सांगितलं असतं तर तिने तानपुराच उचलून ठेवला असता. मी ती झेरॉक्स पिशवीत कोंबली ती कोंबलीच, मिसनी परत कधी विषय काढला नाही आणि पुढच्या वर्षी तर माझा क्लासच... जाऊदे.

पण मग नॉट येट कोणासाठी? मी अजून तयार नाही म्हणून? तसं होतं तर दिलीच कशाला? की हिला शोपाँ झेपायचा नाही, हिला आपला तो कोपऱ्यात पडलेला बरा, असं? माझ्या बाबतीत हे नेहमीचंच आहे म्हणा, ऑफिसमध्ये काय वेगळं झालं. आल्काँचंही तेच की. १८४८ मध्ये कॉन्झर्व्हेटॉयरमधली, म्हणजे पॅरिसच्या संगीत विद्यालयातली, पियानो शिकवण्याची मोठी जागा याचीच असं सगळे धरून चालले होते, मिळाली मार्मोंतेल नावाच्या दुसऱ्याच पियानोवाल्याला. पुढच्याच वर्षी शोपाँ गेला. मग हा माणूस दार लावून बसला तो बसलाच, जवळजवळ वीस वर्षं जाहीर कार्यक्रम असे नाहीतच. बसल्या बसल्या १८५७ मध्ये एकट्या पियानोसाठी अख्खा काँचेर्टो छापला, एरवी काँचेर्टोत पियानोच्या साथीला ऑर्केस्ट्रा असतो, इथे ऑर्केस्ट्राही त्याच दोन हातांनी वाजवायचा. आणि तरी नाव कोणाचं? शोपाँचं.

जेवणं झाल्यावर फोनवर लावला तो आठवा. 'समुद्रकाठच्या वेडीचं गाणं' असं त्याचं नाव आहे, हे पानावर छापलेलं असूनही मी तेव्हा वाचलं नव्हतं, फ्लॅटच मोजत बसले होते. डावा हात पार तळाशी, जाड जाड कॉर्ड्स, एकदम तीन-चार सूर दाबलेले, एकामागून एक, ओल्या वाळूत पाय रुतावा तसे. उजवा हात खूप वर, बारीक, जवळजवळ एकसुरी काहीतरी गातोय. मधे काहीच नाही. पियानोचा मधला सगळा पट्टा, जिथे आपण सगळे आयुष्यभर वाजवतो, तो मोकळा सोडलाय. मधेच ती बाई जरा धावायला लागते, मग दमते, परत तेच. तीनदा ऐकला. तिसऱ्यांदा अंधारात. मिसना फोन करावासा वाटला, आणि मग आठवलं.

शेवटी न राहवून ह्यांना पान दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाले, "झेरॉक्सचे पैसे दिले नसशील अजून."

मी आधी चिडले. मग हसायला आलं ते थांबेना, कारण खरंच, मिसची ती वही होती, कोणाचे किती बाकी लिहायची, आणि पानापानावरचे पैसे त्या सोडायच्या नाहीत! एक दिवस मी माझी सगळी लायकी पेन्सिलच्या दोन शब्दांवर तोलत बसले आणि तो हिशेबही असू शकतो.

हेही आठवलं की आल्काँ १८७३ मध्ये परत आला होता, साठीला टेकलेला, स्वतःच छोटे छोटे कार्यक्रम लावून. मला साठीला अजून अवकाश आहे.

भाच्याचा कीबोर्ड आणलाय. एकसष्ट पट्ट्यांचा. डाव्या हाताला खाली पट्ट्या पुरत नाहीत, समुद्र जिथे आहे तिथेच कीबोर्ड संपतो. ऑक्टेव्हचं, म्हणजे सप्तक बदलायचं, बटण दाबून सगळंच खाली आणलं तर वरची बाई घोगरी होते. तात्पुरता एकेक हात वेगळा बसवतेय. पहिल्या ओळीत मिसनी दोनच ठिकाणी बोटांचे नंबर घातलेत, दोन्हीकडे करंगळी. बाकीचं माझं मला शोधायचंय, आणि रविवारी कीबोर्ड परत द्यायचाय.